तिला दुसऱ्यांदा जाळायचं नाय

आमचं गाव नाशकाकडं, गिरणाऱ्याच्या पलीकडं, डोंगराच्या कडंला. शाळा दुसरीपातुर. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो, तिथून एका सायबानं उचलला आन् गाळ काढायच्या कामाला लावला, म्हणला नदी समिंदराला मिळती तिथं जायचं. नदी कुठली, तर आपलीच गंगा, तुमच्या बुकातली गोदावरी, पार आंध्रात. काय सांगू तुम्हाला, तिथं नदी दिसतच नाय, नुसता चिखल आन् आभाळ. लोखंडी नळी चिखलात ठोकायची, भरली की उपसायची, सायब आतल्या गाळाचे काप करणार. मुक्कामावर भट्टी व्हती, तिच्यात काप जाळायचे, जाळायच्या आधी तोलायचे, जाळून परत तोलायचे. म्हणलं कशाला? तर सायब म्हणला, जळून जेवढं घटतं तेवढं कधीकाळी जिवंत होतं, पाला, मासे, माणसं, काही पण.

तवा हसलो. मग बायको गेली. कावीळ झाली आन् गेली, मी सुट्टीवर व्हतो म्हणून माझ्या मांडीवर गेली, एवढंच. राख सावडली, रामकुंडात सोडली, पावसाळा सरल्यावर परत कामावर.

पहिलीच नळी. ठोकायला घण उचलला, तर नळी आपली आपणच खाली चालली, वरून कोणी दाबत नव्हतं, खालून वढल्यावानी. उपसली तर वरचा थर काळा, आमच्या वावरातल्या मातीवानी, आन् हाताला कोमट. बाकीचा समदा गार.

म्हणलं सायब, हा काप भट्टीत नाय जायचा. एकदा जाळलीय तिला. स्वैपाकी हसला, म्हणला काका, बायको नळीत बसती व्हय, लय बारीक व्हती का? त्याला आईवरून दिली एक. सायब हसला नाय. म्हणला खालचा गाळ फार जुना, पण वरचा बोटभर यंदाचा, नाशिकचाही असेल, मी नाही म्हणू शकत नाही. सुरीनं कापून माझ्या तळहातावर ठेवला, जा, सोडून ये.

कंबरभर पाण्यात गेलो, सोडला. पाणी समिंदराकडं चाललं व्हतं. मग थांबलं, आन् उलटं फिरलं. भरती व्हती, ती तर मी रोजच बघायचो. पण तो काळा डाग विरला नाय, तसाच गोळा होऊन माझ्या अंगाला घासून वर निघाला, नाशकाकडं. मी वरडलो, अगं तिकडं नाय, समिंदराकडं जा, सुटशील. कधी ऐकलंय तिनं माझं?

आता इंदिरानगरात पोराकडं असतो, गुडघे गेले. पोराला सांगून ठेवलंय, माझी राख बी रामकुंडातच सोड. ती वर यायला निघालीय, मी खाली जाईन, मधी कुठंतरी गाठ पडंल. लिवलं का? बास मग. देव तुम्हाला जोडीनं म्हातारं करो, बाबा.