धाकट्या जावेनं माझा अटॅक काढून घेतला

सन्माननीय अध्यक्ष मोठे डॉक्टर, मंचावरचे पाहुणे, सिस्टर मंडळी आणि रेकॉर्ड विभागातल्या मुलींनो,

माझ्या हाती माईक देणं हा या समारंभातला पहिला अपघात. शाळेनं मला चौथीतच सोडलं. पण आज निवृत्त होणारी ही माझी धाकटी जाऊ. घरचं कुणीतरी बोलायला हवं, म्हणून मी.

डॉक्टरांनी फाईलमध्ये आजार लिहायचा, हिनं त्याला ठरलेला आकडा द्यायचा. मला वाटायचं, यात कसलं आलंय डोंबलाचं काम?

मग गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखलं आणि मला इथंच दाखल केलं. डॉक्टरांनी लिहिलं 'हार्ट अटॅक' आणि पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाशी मला काय करायचंय? मी अख्ख्या वॉर्डाला अटॅक सांगून टाकला. काय तो मान! एरवी तोंड फिरवणारी विहीणसुद्धा गोड बोलली. परगावचा मुलगा धावत आला, उशाशी बसला. म्हणाला, "आई, अटॅक पक्का असेल तर नोकरी सोडून इथंच येतो."

आता सांगा, असा अटॅक कोण सोडेल?

ही बया मात्र अडून बसली. मी दटावलं, "अगं, घरचीच ना तू? देऊन टाक अटॅकचा आकडा!"

"जाऊबाई, डॉक्टरांनाच खात्री नाही. मी कोण पक्कं करणारी?"

"हात झिजतो का तुझा?"

"फाईल डॉक्टरांकडेच विचारायला पाठवलीय. गप पडा."

संध्याकाळी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. "आजी, हृदय ठणठणीत. पित्त आहे."

पित्त! तेही विहिणीसमोर! मुलाच्या जिवात जीव आला आणि त्यानं बॅग भरली.

तो गेल्यावर मी हिच्यावर तोंडसुख घेतलं. "पोरगा जवळ हवा, याला तुझ्याकडे आकडा नसेलच!"

"एकटं राहण्याला आहे," ही म्हणाली. "पण तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत कधी? त्यांनी लिहिल्याशिवाय मी देणार कशी?"

मी 'तुझंच खरं' म्हणून टाकलं. आमच्या घराण्यात हे प्रथमच घडलं.

उद्यापासून ही माझ्याकडे राहायला येतेय. मला विचारलंबिचारलं नाही. "पलंग खिडकीशी लावा, मला वारा लागतो," एवढंच. मी कुरकुरत लावला.

इतकी वर्षं तुम्ही हिला सांभाळलंत, आभारी आहे. माझ्या तोंडून कुणाला लागेलसं गेलं असेल तर पदरात घ्या. नाहीच घेता आलं, तर तक्रार हिच्याकडे करा. उद्यापासून माझं सगळं हिलाच ऐकायचंय.