बंब उचलण्याआधी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य आदरणीय रुपचंद सोनवणे सर. संस्थेचे ज्येष्ठ विश्वस्त लोटन आबा. सत्कारमूर्ती, ज्यांना कार्यशाळेत सगळे नुसतं 'सर' म्हणतात ते लीलाधर भंगाळे सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. रूपाताई; पहिल्या रांगेत, दोंडाईच्याहून पहाटेची गाडी धरून आलेल्या मंजुळाबाई अक्का; सहकारी प्राध्यापक, आणि मागच्या दाराशी भरिताच्या वासाकडे तोंड करून उभे असलेले माझे विद्यार्थी मित्रहो,

मला वक्त्यांमध्ये शेवटी ठेवलं आहे. म्हणजे लवकर आटप, हे मला न सांगताच कळलं. पण लोटन आबांनी सरांच्या वक्तशीरपणावर इतका वेळ घेतला, की आता उशिराचा दोष माझ्या एकटीवर येणार नाही. आबा, हसलात, म्हणजे माफी मिळाली असं धरते.

सरांबद्दल काय बोलू? शिस्त, सचोटी, असोद्याहून रोज त्याच जुन्या मोटरसायकलवर येणं, हे सगळं बोलून झालं. मी त्यांची आधी विद्यार्थिनी आणि आता सहकारी. मी बोलणार आहे ते मोटार, गिअरबॉक्स आणि बॅटरीबद्दल. निरोपाच्या भाषणाला हा विषय शोभतो का? नसेलही. पण सरांना शाल-श्रीफळापेक्षा तो जवळचा आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते त्यातूनच जातं.

नव्या मंडळींसाठी सांगते. आपल्याकडे पूर्वी लढाऊ रोबोंचं मंडळ होतं. पोरांनी घरगुती सामानातून यंत्र बांधायचं, रिंगणात उतरवायचं आणि दुसऱ्याच्या यंत्राला धडका देऊन बंद पाडायचं. बाहेरून हा पोरखेळ वाटायचा. सरांना तो कधीच वाटला नाही. आम्ही मोटार निवडायला बसलो की सगळ्यांचं लक्ष वेगाकडे. सर म्हणायचे, "मोकळी चालताना सगळ्याच मोटारी शहान्या असता. अडकली म्हनजे काय करते ते पाहा." मग चाक पक्कडीत धरून मोटारीला वीज द्यायचे आणि तिची तार कुठवर तापते ते आम्हाला बघायला लावायचे. आणि बॅटरी! लिथियमची बॅटरी जरा चुकली की फुगते आणि पेट घेते. म्हणून ती चार्ज करायची माठात, भोवती भडगावहून आणलेली गिरणेची वाळू. कार्यशाळेत पाण्याचे दोन माठ आणि बॅटरीचा एक. पाहुण्यांनी चुकून त्यात पेला घालू नये म्हणून आम्ही पहारा द्यायचो.

कुंदन आमच्या गटाचा म्होरक्या. मंजुळाबाई अक्कांचा मुलगा. त्याच्या यंत्राचं नाव होतं बंब, कारण पत्र्याचं गोल अंग बघून सगळ्यांना न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंबच आठवायचा. या बंबाच्या गिअरबॉक्सवरून सर आणि कुंदन यांचं जे जुंपलं, ते आधी समजून घ्यायला हवं.

सरांचं म्हणणं, गाडीच्या वायपरची मोटार घ्या. तिच्यात वर्म गिअर असतो. मोटार चाकाला फिरवते, पण चाक मोटारीला फिरवू शकत नाही. कोणी कितीही ढकलो, यंत्र जागचं हलत नाही. कुंदनला ते नको होतं. त्याला प्लॅनेटरी गिअरबॉक्स हवा होता, जो दोन्हीकडून फिरतो. तो म्हणाला, "सर, कोनी ढकलं तं त्यानी सरकी जावाले पाहिजे. आडी ऱ्हायना तं तुटस." सर म्हणाले, उभं राहायचं शिक. हा म्हणाला, सरकायचं शिकवा. बोलाचाली इतकी झाली की धुळ्याच्या स्पर्धेला निघताना दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कुंदनने स्वतःचाच गिअरबॉक्स लावला होता.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. यंत्राच्या बॅटरीत आणि मोटारीत बोटाएवढी तांब्याची पट्टी असते, तिला आम्ही लिंक म्हणतो. ती घातली की यंत्र जिवंत, वर लाल दिवा लागतो. काढली की यंत्र मेलेलं. लिंक काढून, हात वर करून ओरडल्याशिवाय यंत्राला कोणी बोट लावायचं नाही, हा सरांचा नियम. सरांची हाळी होती, "लिंक काढली आहे." कुंदन म्हणाला, ही काय रेल्वेची घोषणा आहे? त्याने आपल्या बोलीत हाळी सुरू केली, "मरेल शे!" मेलेला आहे. सरांनाही हसू आवरलं नाही. तेव्हापासून तीच हाळी. मरेल शे, म्हटलं की चौघांनी हात घालायचे आणि उचलायचं. किती वेळा ओरडलो असू आम्ही! तोंडात साखर असल्यासारखे ओरडायचो.

धुळ्याला बंब जिंकला. धडक बसली की सरकायचा आणि वळून परत यायचा. परतताना तो टेम्पोत होता, मी आणि आमच्याच गटातला दीपक त्याच्याजवळ बसलो होतो, आणि कुंदन मागून मोटरसायकलवर. लिंक लाल दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात, जिंकणाऱ्याने तशी घालायची पद्धत होती. पारोळ्याच्या अलीकडे एका ट्रकने त्याला उडवलं. तो गेला.

यापुढचं मी आजवर कोणासमोर बोललेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो कार्यशाळेच्या दारात लागला. बंब उतरवायचा होता. दीपकने सवयीने हात वर केला, म्हणाला, "मरे..." आणि तिथेच थांबला. तो शब्द कोणाच्या तोंडून निघेना. मग हाळी न देताच फळी लावली आणि बंबाला ढकललं. त्याची लिंक नव्हती. लिंक इस्पितळात, कुंदनच्या कपड्यांत होती. तरी बंब फळीवरून घरंगळला आणि त्याचा लाल दिवा लागला.

आम्ही सगळे मागे सरकलो. बंब कोपऱ्यात जाऊन थांबला, दिवा विझला. सरांनी वर ताडपत्री टाकली आणि बाहेर गेले.

तो तिथेच राहिला. झाडणाऱ्या मावशी त्याच्या भोवतीने झाडत. कधी झाडूचा धक्का लागायचा, बंब हलायचा, आणि ताडपत्रीखाली तांबडं काहीतरी उजळून जायचं. मावशींनी तिथे उदबत्ती लावायला सुरुवात केली. मंडळ बंद पडलं. कोणी विचारलं तर सर म्हणायचे, आता नको. पोरं म्हणायची, कुंदनदादा आहे तिथे. मी स्वतः प्राध्यापक होऊन परत आले, वीज शिकवते, आणि तरी कोपऱ्यावरून जाताना पदर सावरून घ्यायचे. खोटं कशाला बोलू?

जुनी कार्यशाळा आता पाडायची आहे. मागच्या आठवड्यात बंब हलवणं भाग होतं. हाळीशिवाय उचलायचा नाही आणि हाळी द्यायला कोणी नाही. मी अक्कांना फोन केला. त्या लिंक घेऊन आल्या. लाल दोरा तसाच होता. त्यांनी ताडपत्री काढली आणि लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून बंबाला जरासं ढकललं. दिवा लागला. त्या हसल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हा सर पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "अक्का, हे भूत नाही. गिअरबॉक्स दोन्हीकडून फिरतो म्हणून असं होतं. चाक ढकललं की मोटार फिरते, आणि बाहेरून फिरवलेली मोटार वीज तयार करते, सायकलच्या डायनामोसारखी. बॅटरी जोडलेली नसली तरी दिवा लागतो. मले त्याच दिवशी समजलं होतं. सांगवलं नाही. सांगायचं म्हटलं की आमचं भांडण आठवायचं. मी त्याच्याशी बोललोच नाही वो शेवटी."

अक्कांनी विचारलं, "तुम्ही सांगेल गिअर त्यानी टाका ऱ्हाता, तं हाऊ दिवा लागता का?"

"नसता लागला, अक्का."

"मंग बरं झायं, त्यानी तुमनं आयकं नही."

सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही बंबाजवळ गेलो, पण हाळीचं काय? अक्कांनी आमच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "मरेल कसाले म्हनतस? जपेल शे. धरा आते."

धुळ्याकडे जपणं म्हणजे झोपणं. मुलगा झोपलाय, एवढंच त्या म्हणाल्या. पण आपल्या पुस्तकी मराठीत जपणं म्हणजे काय, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्ही उचलला. सर मात्र वळले नाहीत. त्यांनी हात लावला नाही.

प्राचार्यांनी नवी खोली दिली, मंडळ पुन्हा सुरू करायलाही हरकत नाही म्हणाले, पण लीलाधर सरांनी होकार दिला तरच. सर, तुम्ही अजून होकार दिलेला नाही आणि आज तुमचा नोकरीचा शेवटचा दिवस आहे. तुम्ही असेच घरी गेलात तर नव्या खोलीत बंब नाही, नुसती एक भीती जाईल, आणि ही माझी विद्यार्थिनी मयुरी, ही पोरं, तिच्याभोवतीने झाडत राहतील. असोद्याच्या घरी तुम्हालाही ती सुखाने बसू देणार नाही. मला ते नको आहे, सर.

बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे, वाट पाहणाऱ्या भरिताचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. व्यासपीठावर जे बोलू नये ते बोलले असेन, कोणाचं मन दुखावलं असेल, तर लहान समजून पोटात घाला.

मंडळी, जेवायला उठण्याआधी एकच काम आहे. व्यासपीठाच्या पायरीशी ताडपत्रीखाली जे आहे, ते बंबच. तो नव्या खोलीत न्यायचा आहे. लिंक अक्कांच्या हातात आहे. दीपक, मी आणि मयुरी येतो. चौथा हात तुमचा, सर, आणि हाळीही तुमचीच.

आम्ही थांबतो.