अर्बाबच्या पिस्तुलाचा घोडा

वजीरा: पण मी काय वाईट मनानं सांगितलं? अर्बाब, आपला मालक, अर्धांगवायूनं हॉस्पिटलात पडलेला, वाचा गेलेली. त्याच्या सुनेला धीर वाटावा म्हणून म्हटलं, बाबांची अमानत आमच्याकडे जपून ठेवलीय.

मुजम्मिल: आणि तिनं ते नवऱ्याच्या कानावर घातलं. बापाच्या पिस्तुलाचा घोडा शोधून शोधून हमद थकला होता. आज दुकानात येऊन उभा. म्हणाला, ती खंजराची म्यान बाजूला ठेव, आधी माझा घोडा काढ.

वजीरा: तुम्ही काय म्हणालात?

मुजम्मिल: कहवा पाजला.

वजीरा: अल्ला! आणि नंतर?

मुजम्मिल: मोबाईल दाखवला त्यानं. जुनी पिस्तुलं घेणाऱ्या-विकणाऱ्यांचा त्यांचा ग्रुप आहे. त्यावर फोटो टाकलाय, ‘आजोबांचं पिस्तूल, चालू.’ सोहारहून गिऱ्हाईक शुक्रवारी निझव्याला येतंय. घोड्याशिवाय ते पिस्तूल नुसतं लोखंड.

वजीरा: मग द्या की. पिस्तूल त्यांचं, विकणारे ते, घेणारा त्यांच्यातलाच. आपण रत्नागिरीहून इथे आखातात चांदीकामाला आलेली माणसं, आपण मधे तंगडी कशाला घालायची?

मुजम्मिल: अर्बाबनं मला मधे घातलं, वजीरा. हमदनं मेव्हण्याच्या लग्नात हवेत बार काढले आणि गोळी शेजारच्या शम्माच्या खांद्यात शिरली, विसरलीस? दुसऱ्या सकाळी म्हातारा दुकानात आला. माझ्याच हातानं घोडा उतरवून घेतला. म्हणाला, वडिलांची वस्तू टाकवत नाही. पिस्तूल माझ्या घरात राहील, घोडा तुझ्या. मी मागेन तेव्हाच दे.

वजीरा: आता तो मागणार कसा?

मुजम्मिल: तोच तर घोळ आहे.

वजीरा: खरा घोळ पुढच्या महिन्यात आहे, आपला व्हिसा संपतोय. कागदावर दुकानाचा मालक आता हमद. नव्या व्हिसाला सही त्याची. आपल्या माहनूरची दहावी तोंडावर आलीय.

मुजम्मिल: तेही बोलून गेला. घोडा नाही तर सही नाही.

वजीरा: आणि त्यानं पोलिसाला सांगितलं तर? परदेशी माणसाच्या घरात, मेथीच्या डब्यात, पिस्तुलाचा भाग. काय उत्तर देणार?

मुजम्मिल: भीती मलाही वाटते गं. पण शम्मा रोज दुकानावरून शाळेत जाते. दप्तर डाव्याच खांद्याला, उजवा अजून वर होत नाही. उद्या मी हा बसवून दिला आणि सोहारच्या कुठल्या लग्नात पुन्हा बार निघाला, तर त्या पोरीकडे बघू कसा?

वजीरा: हमदला हे सांगून बघायचं.

मुजम्मिल: सांगितलं. मान खाली घातली त्यानं. पण मग परत म्हणाला, शुक्रवार.

वजीरा: मग आता?

मुजम्मिल: आपल्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहे. खंजर असो की बांगडी, ज्या हातानं आली त्याच हातात परत. अर्बाबचा डावा हात हलतो. उद्या हमदला घेऊन जातो आणि त्याच्यासमोर घोडा त्या हातात ठेवतो. म्हाताऱ्यानं मुलाला दिला, तर मुकाट बसवून देईन.

वजीरा: आणि नाही दिला तर?

मुजम्मिल: तर नाही.

वजीरा: सही गेली तरी?

मुजम्मिल: सही गेली तरी.

वजीरा: बरं. मग मी मोठी भांडी बांधायला घेते. माहनूर परीक्षेपर्यंत माबेल्याला माझ्या मैत्रिणीकडे, हवाबीकडे राहील, मी बोलते तिच्याशी. असं बघू नका. बडबड माझी नडली, आता कच माझ्याकडून खाल्ली जाणार नाही. तो डबा द्या इकडे, घोड्याला मेथीचा वास लागलाय, पुसून देते.

(दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर.)

वजीरा: आधी बसा. ओळखलं का अर्बाबनं?

मुजम्मिल: घोडा तळहातावर ठेवल्याबरोबर ओळखलं. डोळे भरले त्याचे.

वजीरा: आणि हमद?

मुजम्मिल: म्हणाला, बाबा, मला द्या. दोनदा म्हणाला.

वजीरा: दिला?

मुजम्मिल: मूठ आवळली. एका हाताचा माणूस, पण अशी आवळली की बोटं पांढरी पडली. हमदनं हात पुढे केला, मला वाटलं आता ओढून घेतो. तर त्यानं ती मूठच दोन्ही हातांत धरली. मग खुर्ची ओढून बसला, तो अजून तिथेच आहे.

वजीरा: सहीचं विचारलंत?

मुजम्मिल: नाही. ती वेळ नव्हती.

वजीरा: आणि सोहारचं गिऱ्हाईक?

मुजम्मिल: मी निघालो तेव्हा त्याचाच फोन वाजत होता. हमदनं उचलला नाही.

वजीरा: मग बांधलेली भांडी सोडू की नको?

मुजम्मिल: चहापुरतं पातेलं काढ.