पूजेतला कम्प्युटर

दसऱ्याच्या दिवशी मी कम्प्युटरची नाडी पाह्यली, ते सांगितलं का तुम्हाले?

लोणारले माझं शिवणकामाचं दुकान हाये, घरातच. भरतकामाची नवी मशीन घेतली, तिचं सॉफ्टवेअर कम्प्युटरमधी टाकायचं होतं. रिपेअरवाल्याले फोन केला, तं तो म्हणते, "ताई, त्याले चौसष्ट बिटची विंडोज लागते. तुमची बत्तीसची असंल. संध्याकाळी येतो, जुना कम्प्युटर नेतो, नवा देतो."

न पाहताच! माह्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, आता मीच पाहते.

पण शिलाई मशीन, कात्री, कम्प्युटर, सगळ्यायची पूजा झालेली. सासूबाई आडव्या आल्या.

"पूजेतल्या वस्तूले आज कामाले लावत नसतेत."

"काम नाही घेत, आई. नुसती नाडी पाहते."

त्यायनं जरा इचार केला. "पाह्य. पण फूल हलू देजो नको."

झेंडूचं फूल तसंच ठेवून बटण दाबलं. सेटिंगमधी गेली, सिस्टमची माहिती उघडली. तिथं सरळ लिहेल होतं, चौसष्ट बिट!

"बरा हाये ना?" सासूबाईनं मागून इचारलं.

"एकदम तगडा हाये, आई."

लगेच बंद केला. संध्याकाळी रिपेअरवाला नवा डबा घेऊन हजर. मी उठेपर्यंत सासूबाई दारात.

"हात लावू नको, बाबू. आज तो पूजेत हाये."

"बरं आजी, मंग उद्या नेतो."

"उद्या कायले? उद्या त्याले काम हाये."