एक अक्षर सोडून हुबेहूब

...नाही, तुम्हीच सांगा, चार वर्षं एका खारीच्या मागे घालवलेली बाई तुम्ही कधी पाहिलीय? नाही ना? मग घ्या पाहून! आणि खार तरी कसली, मांजराएवढी जाडजूड, बिळात राहणारी. वुडचक म्हणतात तिला. तिला माणसासारखीच विषाणूची कावीळ होते, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत तिचे कोण लाड!

तुम्हाला सांगते, आमचे सर म्हणाले, "हे बघ, विषाणू यकृतात शिरला की एक जनुक धोक्याची घंटा वाजवतं, मग शरीरातले शिपाई धावतात. माणसातलं वाचून झालंय, उंदरातलं झालंय, हिच्यातलं तू वाच. आठवड्याचं काम!"

आठवड्याचं काम! पहिला हिवाळा आला आणि बया झोपली. झोपली म्हणजे काय, महिनेच्या महिने! मी सुई घेऊन उभी, तर प्राणिघर सांभाळणारे मामा दारात आडवे. "ताई, झोपलेल्याला उठवू नये, पाप लागतं." मी म्हटलं, मामा, विज्ञान आहे हे. तर म्हणे, "असू दे. चावते पण." मग काय, बसले! ती जागी झाली तर यंत्र बिघडलं, यंत्र दुरुस्त झालं तर रसायन नासलं. वर आईचा फोन. "अगं, तुझ्या मैत्रिणीची दोन मुलं शाळेत जायला लागली, तुझं एक जनुक अजून होईना?"

आणि चौथ्या वर्षी, एका मंगळवारी... झालं! अख्खं जनुक अक्षरन् अक्षर वाचता आलं! ताडून पाहिलं, तर एक अक्षर सोडून हुबेहूब माणसाचं! सर खुर्चीतून उठलेच. "उत्क्रांतीचा चमत्कार! शुक्रवारी शोधनिबंध पाठवू, त्यावरच तुझी पदवी!"

मी तासभर हवेत. मग डोक्यात किडा वळवळला... माझं नि माझ्या सख्ख्या आईचं एवढं जुळत नाही, ह्या बिळातल्या बाईचं कसं जुळलं? आणि मग आठवलं हो! नमुन्याची नळी उघडली, तेव्हा फोन खांद्यात नि कानात धरलेला. पलीकडून आई, "तोंडात काय कोंबलंयस? नीट बोल की!" मी मास्क खाली ओढला आणि बोलले नीट. चांगली वीस मिनिटं. उघड्या नळीवर!

गुपचूप स्वतःच्या गालाच्या आतून कापूस फिरवला, तपासला. तेच जनुक. ते एक वेगळं अक्षरसुद्धा तेच! चार वर्षं घासून मी काय वाचलं? माझीच थुंकी!

खरं सांगते, गप्प बसावंसं वाटलं. कोण विचारणार होतं? खार थोडीच तक्रार करणार? बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले, तोंड धुतलं आणि गुरुवारी सरांच्या दारात उभी राहिले. "सर, निबंध पाठवू नका. ते जनुक खारीचं नाही... माझं आहे."

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "आणि ते वेगळं अक्षर?"

"तेही माझंच, सर."

खण उघडला त्यांनी. म्हटलं, संपलं, आता हाकलण्याचं पत्र! तर बाहेर काय आलं? संमतीपत्र! "अगं, हे अक्षर आजवर कुणात सापडलेलं नाही! तुझी घंटा कशी वाजते ते पाहू. विषय बदलू, रक्त देऊन जा. आठवड्याचं काम!"

केली सही. करते काय? आईला फोन केला, तर तिचं एकच, "म्हणजे पदवी मिळणार ना?"

मिळेल गं, मिळेल. फक्त संशोधक म्हणून की नमुना म्हणून, तेवढं सरांनी अजून सांगितलं नाही.