वितळलेल्या लाद्यांचा पंचनामा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, मुंबईला बढतीवर निघालेले वारसा विभागाचे उपसंचालक मार्तंडराव, आणि सभागृहात जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मी करिष्मा वैरागडे. निमंत्रणपत्रिकेत 'वारसा जतनातील योगदानाबद्दल श्री. नत्थूजी वैरागडे यांचा सत्कार' असं छापलंय, त्या नत्थूजींची मी मुलगी. बाबा आले नाहीत. पत्रिका वाचून एवढंच म्हणाले, "मले शाल नाही पाहिजे. तू जा, अन् काय झालं ते सांगून ये." म्हणून आले.

आमचा बर्फाचा कारखाना माझ्या आजोबांनी, रुपरावांनी, बांधला. विटांची उंच चिमणी, सागवानी दारं. आजूबाजूच्या सगळ्यांनी जुन्या इमारती पाडून टॉवर उभे केले. बिल्डर आमच्याकडेही आले होते. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. दरवर्षी उन्हाळ्याआधी ते स्वतः शिडीवर चढून चिमणीच्या सांध्यांत चुना भरायचे. पाडणाऱ्यांना कुणी नोटीस दिली? कुणीही नाही. राखणाऱ्याला मिळाली. सरकारी न्याय म्हणतात तो हाच असावा.

नोटिशीत लिहिलं होतं, वास्तू वारसा म्हणून शासन ताब्यात घेत आहे. आम्ही म्हटलं, वारसा म्हणा, फलक लावा, लोकांना दाखवा, पण कारखाना चालू द्या. तीन अर्ज दिले. एकाचंही उत्तर आलं नाही. मे महिन्यात मार्तंडराव पोलीस घेऊन दारात उभे राहिले.

त्या दुपारची गोष्ट या सभागृहात कुणी सांगितली नसेल. गौरवपर भाषणांत ती बसत नाही.

त्याच सकाळी कामठीच्या जिजाबाई वारल्या होत्या. एकुलता एक मुलगा रजत फौजेत, लेहला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होता. त्या दिवशी मयत थंड ठेवायची शवपेटी कुठे मिळत नव्हती, आणि लग्नसराईमुळे बाकीच्या कारखान्यांतला बर्फ सकाळीच उचलला गेलेला. जिजाबाईंचे दीर टेम्पो घेऊन आमच्याकडे आले. बर्फाच्या लाद्या टाकीतून काढून तयार होत्या. बाबा हात जोडून साहेबांपुढे गेले. माझ्या बाबांना मी तोवर कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"साहेब, कारखाना घ्या. फक्त दहा लाद्या नेऊ द्या. मयत घरात हाय, पोरगा येऊन राहिला."

मार्तंडराव कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "आतली प्रत्येक वस्तू पंचनाम्यात आहे. बाहेर काही जाणार नाही."

"अहो, बर्फ हाय तो! पाणी होऊन जाईल. काहून नाही नेऊ देत?"

"नियम आहे."

मशीन बंद झालं. सील लागलं. सायंकाळी दाराखालून पाणी आलं आणि रस्त्यावर वाहत गेलं. साहेबांनी काय केलं? बूट भिजू नयेत म्हणून दोन पावलं मागे सरकले. पंचनाम्यात त्या लाद्या आजही आहेत. नग संख्येसकट. मी नक्कल मागवून पाहिली.

दीर त्याआधीच रिकामा टेम्पो घेऊन गेले होते. त्या उन्हात मयत ठेवणं शक्य नव्हतं. जिजाबाईंना सूर्यास्ताच्या आत अग्नी दिला. रजत आला तेव्हा राख उरली होती. चार दिवसांनी तो आमच्या घरी आला. बाबा मान वर करेनात. रजत त्यांच्याजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "बाबूजी, तुमची काय गलती?" तेव्हा बाबा रडले. कारखाना गेला त्या दिवशी रडले नव्हते.

आता जतनाबद्दल दोन शब्द. गौरव समारंभच आहे. मशीन भंगारात गेलं, कारण म्हणे त्याने 'दृश्य' बिघडत होतं. चिमणीवर निळे दिवे लावलेत. तीन उन्हाळे झाले, सांध्यांत चुना गेलेला नाही. वर पिंपळ उगवलाय. आत कबुतरं राहतात. शासनाने त्यांना मात्र नोटीस दिलेली दिसत नाही. दारावर संगमरवरी फलक आहे. त्यावर मार्तंडरावांचं नाव ठळक अक्षरांत, आणि खाली लिहिलंय, 'बांधणारा : अज्ञात.' साहेब, अज्ञात? नोटीस काय अज्ञाताच्या मुलाला बजावली होती?

बाबांनी शहराबाहेर वाडीला गोदामांच्या मधे पत्र्याच्या शेडमध्ये छोटं मशीन टाकलंय. ते सत्तरीचे आहेत. मयतासाठी बर्फ न्यायला कुणी आलं तर हातातलं जेवण सोडून उठतात. आम्ही कोर्टातही लढतोय. तारखा पडताहेत, आम्ही जातोय.

ही शाल आणि श्रीफळ मी टेबलावरच ठेवते आहे. पुढच्या सत्काराला उपयोगी पडतील.

मार्तंडराव, बढतीबद्दल तुमचं अभिनंदन करायची रीत आहे, ती माझ्याच्याने पाळली जाणार नाही. मुंबईला जाण्याआधी एकदा कामठीला जाऊन या. रजत सध्या सुट्टीवर आहे. घर सापडलं नाही तर मी सोबत येते.

अध्यक्षांनी मला मधेच थांबवलं नाही, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात माझं काही चुकलं असेल तर तेवढ्यापुरती क्षमा असावी. बाकीची क्षमा मागणं माझं काम नाही.

नमस्कार.