खोली

मुरबाडच्या एसटी स्टँडवर वैशाखऱ्याची गाडी यायची होती. माझ्या मागच्या बाकावर एक आई आणि तिची इंजिनीअर मुलगी बोलत बसल्या होत्या.

"मंग वर्षा, त्या एमबीएला नंबर लागल का तुझा?"

"सांगता येत नाय गो आई. परीक्षेत मार्क चांगले पडले, पण तिथं निम्मे इंजिनीअरच असतात. आता मुलाखतीवर ठरणार."

"काय इचारतील?"

"चांगली नोकरी सोडून परत का शिकायचंय, ते."

"मंग काय सांगशील?"

"कारखाना कसा चालवायचा ते शिकायचंय, असं सांगेन."

"खरंच तसं हाय का?"

"ते पण खरंच आहे."

"आन् दुसरं काय?"

"तिथं हॉस्टेलला प्रत्येकीला वेगळी खोली देतात. मला एकदा एकटीनं राहून बघायचंय."

"आमचा कंटाळा आला तुला?"

"तसं नाय. जन्मापासून एकाच खोलीत सगळे झोपतो आपण. मला दार लावून बसायचंय."

"हां."

"राग आला का?"

"नाय गो. लग्नाआधी आमी वीटभट्टीवर झोपडीत राहायचो. तिला दारच नव्हतं... पण मुलाखतीत नको सांगू ते खोलीचं."

"नाय सांगत."

"नंबर लागला तर मला नेशील का तिथं?"

"सोडायला येशीलच ना तू."

"सोडायला नाय. तू वर्गात गेलीस का मी बसन तुझ्या खोलीत. दार लावून."